मेडिकलमधली अर्धी स्ट्रिप

मा. संपादक, नमस्कार.

मी एका पतसंस्थेत अकाउंट्स बघते. यंदा मार्च एंडिंगला साडेअकरा हजारांचा फरक काही केल्या सापडेना आणि तेव्हापासून झोप जी उडाली ती तीन आठवडे. रात्री दोनला टक्क जाग, मोबाईल उचलून बघायचं अजून किती तास उरलेत, ते मोजता मोजता दूधवाल्याची गाडी वाजायची.

घरात सल्ले सुरू. सासूबाई म्हणाल्या जायफळ घालून दूध घे, मिस्टर म्हणाले नऊलाच आडवी हो, रविवारी दुपारी मस्त ताणून दे. सगळं केलं, आणखी बिघडलं.

शेवटी कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये गेले, झोप येत नाही म्हटलं, त्याने काही न विचारता कात्रीने अर्धी स्ट्रिप कापून पुडीत दिली. घरी येऊन बघते तर अल्प्राझोलाम, चिंता शमवून झोप आणणारी गोळी! ही गोळी शेड्यूल एच-वन या कडक नियमांच्या औषधांच्या सरकारी यादीतली, म्हणजे डॉक्टरची चिठ्ठी पाहिजेच, शिवाय दुकानदाराने वेगळ्या रजिस्टरला पेशंटचं नाव, डॉक्टरचं नाव, किती गोळ्या दिल्या हे लिहून तीन वर्षं जपायचं, 2014 पासून नियम आहे हा. सवय लागते म्हणूनच ना? लाल चौकटीतली सूचना नेमकी दुकानात राहिलेल्या अर्ध्यावर.

गोळी न घेता आमच्या डॉक्टरीणबाईंकडे गेले. त्या म्हणाल्या टेन्शनमध्ये शरीर पहाऱ्यावर बसल्यासारखं जागतं, कारण सरलं की बहुतेकांची झोप आपोआप येते, पण आठवड्यातून 3 रात्री असं 3 महिने चाललं तर ते जुनं दुखणं. आणि जुनं का होतं, तर आपण झोपेच्या मागे लागतो म्हणून. लवकर आडवं व्हायचं, दुपारी भरपाई करायची, अंथरुणात लोळत हिशेब करायचा, मग डोक्याला पाठच होतं की अंथरूण म्हणजे जागायची जागा. गोळी लागलीच तर मी देईन, थोडे दिवस, असंही म्हणाल्या.

मग रात्र कशीही जावो, सहाला उठायचं. दुपारची झोप बंद, चारनंतर चहा बंद (ऑडिटच्या दिवसांत माझे सहा कप व्हायचे, ते कोणाच्या लक्षातच नाही), मोबाईल बाहेरच्या खोलीत. वीसेक मिनिटांत डोळा लागला नाही की उठायचं, मी रात्री अडीचला स्वयंपाकघरात शेंगा फोडत बसायचे, मिस्टरांना वाटलं हिचं आता डोकंच फिरलं. पहिले चार दिवस डोळे नुसते चुरचुरत होते. बाराव्या रात्री सलग साडेपाच तास झोपले. हिशेबातला फरक त्यानंतर सापडला, एका बाजूला एक रक्कम दोनदा चढलेली.

रात्री अगदीच राहवलं नाही तर 14416 हा टेली मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा सरकारी नंबर आहे, फुकट, मराठीतही बोलतात.

परवा त्या मेडिकलमध्ये मुद्दाम जाऊन एच-वनचं रजिस्टर आहे का विचारलं, तर पोरगा म्हणतो मालक आल्यावर या. मला नाही दाखवणार, ठीक आहे, पण अन्न व औषध प्रशासनाने तरी एकदा उघडून बघावं.

– एक वाचक, सांगली