काकांना पेडण्यातच राहू दे

सिएटल

तीर्थरूप दादा आणि वहिनी यांना साष्टांग नमस्कार.

फोनवर बोलणं अर्धवट राहिलं, म्हणून सविस्तर लिहिते. दादा, तू विचारलंस, अमेरिकेत म्हणे आंधळ्या-म्हाताऱ्यांना सरकार दर महिन्याला पैसे देतं, मग काकांना तिकडे नेता येईल का. आणि ते जमणार नसेल तर गोव्यातलं पेडण्याचं घर बंद करून त्यांना सावंतवाडीला तुमच्याकडे आणायचं. दोन्ही विचार मायेपोटी आहेत हे मला ठाऊक आहे. पण दोन्हींत काकांचंच नुकसान आहे.

आधी इथलं सांगते. पैसे मिळतात हे खरं. वयाची 65 वर्षं पूर्ण झालेल्या, आंधळ्या किंवा अपंग गरिबांसाठी एसएसआय नावाची केंद्र सरकारची योजना आहे. कायदा 1972 चा, पैसे सुरू झाले 1974 पासून. 2025 मध्ये एकट्या माणसाला महिन्याला जास्तीत जास्त 967 डॉलर मिळत होते. त्याचे रुपये करून बघू नकोस, या शहरात साध्या घराचं भाडंही त्यात निघत नाही. अपंगत्वाच्या अर्जाचा निकाल लागायला कितीतरी महिने जातात. तोवर आमचं वॉशिंग्टन राज्य आपल्या तिजोरीतून थोडी रक्कम देतं.

पण पुतणीला काकांना इथे कायमचं बोलावताच येत नाही. आईवडील, नवरा-बायको, मुलं, भावंडं, एवढ्यांसाठीच अर्ज करता येतो. आणि आईवडिलांना आणलं तरी 1996 च्या कायद्यापासून ग्रीन कार्डवर आलेल्याला, नागरिकत्व मिळेपर्यंत किंवा साधारण दहा वर्षांच्या कामाची नोंद होईपर्यंत, एसएसआय बहुतेक बंदच असतं. ज्याने बोलावलं त्याने त्यांच्या पोटापाण्याची हमी सरकारला लिहून दिलेली असते.

आमच्या शेजारच्या इमारतीत एक बाई राहतात. त्यांची दृष्टी गेली आहे, म्हणून त्यांची एसएसआयची सरकारी पत्रं मी वाचून दाखवते. राहतं घर आणि एक गाडी सोडून नावावर 2000 डॉलरपेक्षा जास्त शिल्लक दिसली की पैसे बंद. नवरा-बायको असतील तर दोघांना मिळून 3000. ही मर्यादा 1989 पासून हललेली नाही, भाव कुठल्या कुठे गेले तरी. म्हाताऱ्या माणसाने चार पैसे बाजूला टाकले तर तो गुन्हा ठरावा, हे मला अजिबात पटत नाही. त्यांची बहीण परदेशात असते. तिच्याकडे सलग 30 दिवस राहिलं की पैसे थांबतात, आणि परत आल्यावरही पुन्हा सलग 30 दिवस इथे राहिल्याशिवाय सुरू होत नाहीत. आजारी बहिणीपाशी बसायचं तरी कॅलेंडर बघत. तरीही एक चांगलं आहे. पैसे त्यांच्या स्वतःच्या खात्यात येतात, आणि कशावर खर्च करायचे ते त्या ठरवतात, त्यांचा मुलगा नाही.

हेच मला काकांसाठी हवं आहे, आणि त्यासाठी अमेरिका लागत नाही.

गोव्यात दयानंद सामाजिक सुरक्षा योजना आहे. साठी ओलांडलेल्या गरजूंना महिन्याला 2000 रुपये मिळतात, अपंगांनाही त्यात जागा आहे. अट एवढीच मोठी की माणूस 15 वर्षं गोव्यात राहिलेला हवा. काका जन्मापासून पेडण्यात आहेत. त्यांना तू सावंतवाडीला नेलंस तर पत्रादेवीची सीमा ओलांडताच ते गोव्याचे रहिवासी राहत नाहीत, आणि महाराष्ट्रातल्या संजय गांधी निराधार किंवा श्रावणबाळ योजनेला महाराष्ट्रातलं 15 वर्षांचं वास्तव्य लागतं. म्हणजे तासाभराच्या प्रवासात माणूस दोन्हीकडून सुटला. ते चार दिवस तुमच्याकडे राहायला येऊ देत, पण घर मोडू नका.

आता डोळ्यांचं. काका म्हणतात, 'मी कुठे आंधळा, समोरचं दिसतंय की.' आणि वाड्यावर लोक म्हणतात, टीव्ही बघतो तो आंधळा कसला. काकांना आहे त्या काचबिंदूत असंच होतं, कडेचं दिसणं आधी जातं आणि समोरचं शेवटपर्यंत टिकतं. इथल्या नियमात चांगल्या डोळ्याचं दृष्टिक्षेत्र 20 अंश किंवा त्याहून कमी असलं तरी माणूस आंधळाच धरतात. आपल्या 2016 च्या दिव्यांग कायद्यातही 10 अंशांखाली अंधत्व आणि 10 ते 40 अंशांत अल्पदृष्टी, असं लिहिलं आहे. तेव्हा नुसती अक्षरं वाचून दाखवण्याची तपासणी पुरेशी नाही. फील्ड टेस्ट, म्हणजे दृष्टिक्षेत्राची तपासणी, करून घ्या. तो रिपोर्ट घेऊन म्हापशाच्या जिल्हा इस्पितळात किंवा बांबोळीच्या मेडिकल कॉलेजात प्रमाणपत्रासाठी जा. त्यावर यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र, मिळतं, आणि अपंगत्व 40 टक्के किंवा जास्त ठरलं तर बहुतेक सवलती लागू होतात. पण त्यासाठी दयानंद योजनेचा अर्ज अडवून ठेवू नका. काकांची साठी केव्हाच उलटली आहे, ज्येष्ठ म्हणून अर्ज आत्ताच करता येईल. पुढे दर वर्षी हयातीचा दाखला द्यावा लागतो, तो चुकला की पैसे अडकतात. तेवढं तू लक्षात ठेव.

काका याला भीक म्हणतील. त्यांना सांग, जन्मभर शिलाई मशीन चालवून त्यांनी घेतलेल्या प्रत्येक मीटर कापडावर कर भरलेला आहे. मी पाठवते ते पैसे चालूच राहतील. पण पुनवेला नातवंडांच्या हातावर काही ठेवताना ते पुतणीचे आहेत असं त्यांना वाटतं, आणि मग ते ठेवतच नाहीत. स्वतःचे असले की ठेवतील.

वहिनी, खातं एकट्या काकांच्या नावावर उघडा आणि पासबुक त्यांच्याच पेटीत राहू दे. फील्ड टेस्टचा रिपोर्ट आला की त्याचा फोटो मला पाठवा.

तुमची धाकटी