आमोसचा काटा आणि राशिभविष्याचं पान

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दसऱ्याच्या आधीच्या रविवारी आपल्या पुरवणीत प्राचीन यहुदी संदेष्ट्यांवर, म्हणजे देवाचा निरोप लोकांना सांगणाऱ्यांवर, अर्धं पान मजकूर आला होता. विषय निवडल्याबद्दल आधी आभार. मराठी वर्तमानपत्रात आमोस आणि यिर्मया भेटतील असं या वयात वाटलं नव्हतं. पण मथळा होता 'प्राचीन भविष्यवेत्ते', आणि मजकूर लावला होता साप्ताहिक राशिभविष्याच्या शेजारी. डावीकडे माझ्या कन्या राशीला 'जुने येणे वसूल होईल', उजवीकडे 'आमोसने सामरियाच्या पतनाचे अचूक भाकीत केले'. आमच्या हिने दोन्ही एका दमात वाचून दाखवलं आणि विचारलं, "त्यांचं खरं ठरलं म्हणे, तुमचं कधी?" तिला मी दोन दिवस समजावत होतो. तिसऱ्या दिवशी ती म्हणाली, मला कशाला सांगता, पेपरला लिहा.

मी एकतीस वर्षं नापतौल निरीक्षक होतो. महाराष्ट्रात या खात्याला वैधमापन म्हणतात. इंदुरात अजून नापतौलच. वजनं, मापं, काटे तपासायचे, शिक्का मारायचा, खोटं निघालं तर जप्त करायचं. नोकरीच्या पहिल्या वर्षी माझे वरिष्ठ नगरकडचे मराठी ख्रिस्ती गृहस्थ होते. त्यांच्या टेबलाच्या काचेखाली सुवाच्य अक्षरात एक चिठ्ठी होती: थैलीत दोन तऱ्हेची वजनं, एक जड आणि एक हलकं, बाळगू नयेत. मला वाटलं, परिपत्रक. तसं विचारलं तर हसून म्हणाले, "परिपत्रकच आहे, पण आपल्या खात्याच्या बरंच आधी निघालेलं." ते वाक्य बायबलमधल्या, मोशेच्या 'अनुवाद' नावाच्या पुस्तकातलं. निवृत्त होताना त्यांनी आपला मराठी पवित्र शास्त्राचा, म्हणजे बायबलचा, जाडजूड ग्रंथ मला दिला. घरात रोज विष्णुसहस्रनाम चालायचं, त्यामुळे तो देवघरात न ठेवता कचेरीच्या कपाटात ठेवला आणि दुपारच्या डब्यानंतर वाचायची सवय लागली. मी तो काट्याच्या बाजूने वाचला, हे आधीच सांगून ठेवतो. धर्मशास्त्र मला येत नाही.

आमोस हा यहूदा या दक्षिणेकडच्या राज्यातल्या तकोवा गावचा मेंढपाळ. उंबराच्या झाडांची निगा राखणारा. (आपल्या औदुंबराचाच हा चुलतभाऊ, त्याची फळं पिकावीत म्हणून त्यांना चिरा द्याव्या लागत.) इ.स.पू. आठव्या शतकाच्या मध्यावर, दुसऱ्या यराबामाच्या राज्यात, हा माणूस उत्तरेकडच्या इस्राएल राज्यात जाऊन उभा राहिला. राज्य भरभराटीला आलेलं, श्रीमंतांचे पलंग हस्तिदंताने मढवलेले. आमोस काय बोलला? व्यापाऱ्यांच्या मनातलं त्याने चारचौघांत बोलून दाखवलं: चंद्रदर्शनाचा सण कधी सरतो आणि आम्ही धान्य विकतो, शब्बाथ (आठवड्याचा विसाव्याचा दिवस) कधी संपतो आणि गव्हाची कोठारं उघडतो. एफा लहान करू, शेकेल मोठा करू, तागडीत खोट ठेवू, गव्हाच्या नावाखाली चाळणीखालचा कचराही खपवू. आणि गरिबाला जोडाभर वहाणांच्या किमतीत विकत घेऊ.

'एफा लहान, शेकेल मोठा' यावरून वाचणारे सहज पुढे जातात. मी तिथे थांबलो, कारण हा धंद्यातला जाणकार बोलतोय. त्या काळी तिकडे नाणी नव्हती. धान्य मापाने द्यायचं आणि मोबदल्याची चांदी तोलून घ्यायची. एफा हे धान्याचं माप, साधारण वीस-बावीस लिटरचं. शेकेल हा चांदी तोलायचा दगड. माप लहान केलं की धान्य कमी जातं, दगड जड केला की चांदी जास्त येते. एकाच गिऱ्हाइकाला एकाच सौद्यात दोनदा बुडवायचं. हिब्रूत वजनाला शब्दच 'एवेन', म्हणजे दगड. यहूदातल्या उत्खननांत आमोसच्या थोड्या नंतरच्या काळातली चुनखडीची घुमटाकार वजनं सापडली आहेत. त्यावरून शेकेल साधारण ११.३ ग्रॅमचा धरतात. आपला तोळा ११.६६ ग्रॅमचा. म्हणजे सराफ्यातल्या जुन्या माणसाच्या हातात शेकेल ठेवला असता तर तो म्हणाला असता, तोळा आहे, पण काटा मारलाय. (इथे हिंदीत याला 'डंडी मारना' म्हणतात. मराठीत दांडी मारतात ती शाळेला. माझ्या नोकरीत दोन्ही प्रकार बघायला मिळाले.)

मग त्याच लोकांना आमोस देवाच्या तोंडून सांगतो: तुमच्या सणांचा मला तिटकारा आहे, तुमच्या गाण्यांचा गोंगाट पुरे, न्याय पाण्यासारखा वाहू द्या. यात भाकीत कुठे आहे? बेथेलच्या देवळाचा याजक अमस्या त्याला म्हणाला, हे राजाचं देऊळ आहे, तू आपल्या यहूदात जा, तिथे भाकर खा आणि तिथे सांग काय सांगायचं ते. आमोसने दिलेलं उत्तर आपल्या मथळ्यालाही लागू पडतं: मी संदेष्टा नाही, संदेष्ट्याच्या घराण्यातलाही नाही. मी गुरं राखतो, उंबरं बघतो.

सामरिया, म्हणजे त्या उत्तरेकडच्या इस्राएलची राजधानी, इ.स.पू. ७२२ मध्ये अश्शूर साम्राज्याच्या हाती पडलं हे खरं. पण म्हणून आमोसचं भाकीत 'अचूक' निघालं असं म्हणणं म्हणजे मी दिलेल्या नोटिशीनंतर दुकान जप्त झालं की माझ्या भविष्यज्ञानाचं कौतुक करण्यासारखं आहे. नोटीस दुकान बंद पाडण्यासाठी नसते, वजन सुधारावं म्हणून असते. आमोसला आधी टोळधाड दिसते, मग आग दिसते. दोन्ही वेळा तो गयावया करतो, याकोब (म्हणजे इस्राएलचे लोक) किती लहान आहे, हे थांबव. दोन्ही वेळा देव थांबतो. आपलं म्हणणं खोटं पडावं म्हणून हात जोडणारा ज्योतिषी आपल्या पुरवणीला मिळाला तर मी वर्गणी दुप्पट देईन.

यिर्मयाचा खटलाही आपल्या मजकुरात नाही. यरुशलेमचं देऊळ उद्ध्वस्त होईल असं बोलल्याबद्दल त्याला मारून टाकायला निघाले, तेव्हा काही वडीलधारे उठले. म्हणाले, शंभरएक वर्षांपूर्वी मीखा हा संदेष्टाही हेच बोलला होता. हिज्कीया राजाने त्याला मारलं नाही, तो देवाला शरण गेला आणि अरिष्ट टळलं. म्हणजे मीखाचं म्हणणं घडलं नव्हतं! आणि त्याला लबाड कोणी म्हटलं नाही, उलट दाखला म्हणून त्याचं नाव घेतलं. पुढे यहोयाकीम राजाने यिर्मयाची गुंडाळी शेगडीशी बसून चाकूने कापत कापत जाळली. यिर्मयाने लेखनिक बारूखला पुन्हा सगळी सांगितली, वर आणखी भर घालून. सरकारी माणूस म्हणून मला हे फार आवडतं. मूळ प्रत जाळली तरी फाइल बंद होत नाही.

आता योना. त्याला आपण दोन ओळींत उरकलंत, तेही त्याला गिळणाऱ्या माशापायी. निनवे म्हणजे अश्शूरांचं शहर, आजच्या इराकातल्या मोसुलजवळचं. शत्रूचं. तिथे जाऊन योना जे बोलला ते हिब्रूत मोजून पाच शब्द आहेत: अजून चाळीस दिवस, मग निनवे उलथेल. 'जर' नाही, 'तर' नाही. कडक नोटीस, मुदत चाळीस दिवस. आणि शहर वळलं. राजा गोणपाट नेसून राखेत बसला, गुराढोरांनाही गोणपाट पांघरलं, आणि फर्मान निघालं की ज्याने त्याने आपला वाईट मार्ग आणि आपल्या हातातला जुलूम सोडावा. निनवे उलथलं नाही. भाकीत साफ फसलं, आणि योना शहराबाहेर जाऊन रुसून बसला. आपल्या मजकुरातला एकच खरा भविष्यवेत्ता तो, आणि गोष्ट त्याच्यावर हसते.

यहुद्यांच्या प्रायश्चित्ताच्या दिवशी, योम किप्पुरला, दुपारी हेच पुस्तक वाचतात. त्यांच्या तिश्री महिन्याचा तो दहावा दिवस. चांद्रमासच असल्यामुळे पुष्कळदा तो आपल्या दसऱ्याच्या आसपास येतो. २०२४ आणि २०२५ या दोन्ही वर्षी तर दसऱ्यालाच आला. आम्ही कचेरीत दसऱ्याला प्रमाण तराजूला झेंडू वाहायचो. त्यांच्या मिश्ना या जुन्या धर्मनियमांच्या संग्रहात दुष्काळातल्या उपासाच्या दिवशी वडीलधाऱ्याने लोकांना काय सांगायचं ते लिहिलं आहे: निनवेच्या लोकांचं गोणपाट देवाने पाहिलं, उपास पाहिला असं कुठे म्हटलेलं नाही, त्यांची कृती पाहिली असं म्हटलं आहे. 'पश्चात्ताप' या आपल्या शब्दात ताप आहे. त्यांच्या शब्दाचा धातू 'शूव', म्हणजे मागे वळणं, परत येणं. त्याला पाय लागतात.

हे मी कपाटाशी बसून शिकलो असं वाटेल, पण तसं नाही. १९८८ चा श्रावण. राजवाड्यामागच्या गल्लीत किराण्याचं एक दुकान होतं. तिथलं किलोचं बिडाचं वजन उचललं तेव्हाच तळहाताला शंका आली. पालथं केलं. तळाच्या खळग्यातलं शिसं खोल कोरून आत लाख भरली होती, वर शिशाचा पातळ पापुद्रा, आणि त्यावर आमचा शिक्का होता तस्सा. खात्याच्या काट्यावर पस्तीस ग्रॅम कमी भरलं. त्याच वेळी मागच्या खोलीत सत्यनारायण चालू होता. शेटजी बाहेर आले, हात जोडले, "साब, पहले परसाद तो लो." मी आत जाऊन बसलो. ते वजन रुमालात बांधून मांडीवर, हातात केळीच्या पानावरचा शिरा, आणि समोर गुरुजी सांगताहेत की साधुवाणी म्हणाला, माझ्या नौकेत लतापत्रांशिवाय काही नाही.

मी शिरा खाल्ला. पंचनामा केला नाही. तोंडी समज देऊन वजन परत केलं. बाहेर पडताना एक बाई त्याच दुकानातून घेतलेली किलोभर ज्वारी पदरात बांधत होती. मघाशी वजन पालथं करताना ती माझ्याकडे टक लावून बघत होती, मी काही बोलेन म्हणून. मी स्कूटरला किक मारली. आठ दिवसांनी मन खायला लागलं म्हणून परत गेलो, तर जागेवर नवंकोरं वजन, चोख. केस मेली.

आठेक वर्षांनी त्या शेटजींचा मुलगा कापडी पिशवी घेऊन कचेरीत आला. वडील गेले होते. पिशवीत ते जुनं वजन. म्हणाला, गोदामात सापडलं, जमा करून घ्या. आणि मग खुर्चीच्या कडेवर बसून विचारलं, "साब, लौटाऊं तो किसको लौटाऊं?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्याने आपल्यापुरता तोडगा काढला. किती दिवस तो प्रत्येक गिऱ्हाइकाला तोलून झाल्यावर वर एक मूठ टाकायचा. मी एकदा त्याला म्हटलंही, बाबा, जादा तोलणं हेही तोलण्यातली चूकच आहे. पण नोंद केली नाही.

तलमुद या यहुद्यांच्या धर्मचर्चेच्या ग्रंथात याच पेचावर वाद आहे हे नंतर वाचलं. चोरलेला वासा घराला लावला तर काय? शम्माय आणि हिल्लेल हे त्यांचे दोन जुने धर्मगुरू. शम्मायचे अनुयायी म्हणतात, अख्खी इमारत उतरवा आणि वासा परत करा. हिल्लेलचे म्हणतात, वाशाची किंमत द्या, नाहीतर परतू पाहणारा माणूस परतायचाच नाही. आपल्याकडे घर फिरलं की वासे फिरतात, तिकडे वासा फिरवायला घर उतरवायचं! मी वृत्तीने हिल्लेलच्या बाजूचा. पण त्या ज्वारीवाल्या बाईच्या बाबतीत मला सूट द्यायला मी तयार नाही. मूठ टाकायला माझ्याकडे दुकानही नव्हतं.

तेव्हा विनंती एवढीच की पुढच्या वेळी 'भविष्यवेत्ते' ऐवजी 'संदेष्टे' छापा, हा शब्द मराठी बायबलमध्ये रुळलेला आहे. 'नबी' म्हटलंत तरी चालेल. कोकणातले बेने इस्राएल, म्हणजे तिथले यहुदी, पिढ्यानपिढ्या मराठीतच बोलत आलेत आणि मलिद्याच्या ताटाशी एलियाहू हन्नाबीचं, म्हणजे एलिया नबीचं, नाव घेत आलेत. शब्द परका नाही. आणि जागा राशिभविष्यापासून लांब द्या. बाजारभावांच्या पानावर दिलीत तर आमोसची काही हरकत नसावी.

आपला,
एक निवृत्त नापतौल निरीक्षक
राजेंद्र नगर, इंदूर

ता. क. १) योनाला गिळणारा 'व्हेल' नव्हे. मूळ हिब्रूत नुसतं 'मोठा मासा' आहे. २) दिवाळी तोंडावर आली आहे. मिठाई डब्यासकट तोलून डब्याला काजूकतलीचा भाव लावणं नियमात बसत नाही. आधी रिकामा डबा काट्यावर ठेवायला सांगा, मग काटा शून्यावर आणायला सांगा. हे मात्र चौकटीत छापावं.