नेपल्सहून पत्र : राजाच्या आरशासमोर एक रात्र

नेपल्स, शनिवार

प्रिय श्रीधर,
सप्रेम नमस्कार.

म्युनिकला मुलीकडे आलो आहे हे तुला ठाऊकच आहे. तेथून चार दिवसांची सवड काढून एकटाच नेपल्सला आलो आणि काल रात्री सान कार्लो नाट्यगृहात दोनित्सेत्ती या इटालियन संगीतकाराचा ‘लुचिया दि लाम्मेरमूर’ हा ऑपेरा पाहिला. ‘पाहिला’ लिहिताना लेखणी थोडी अडखळते. का, ते पुढे येईलच.

आधी शहराविषयी. जुन्या वस्तीला उभी चिरत जाणारी स्पाक्कानापोली ही सरळसोट गल्ली ग्रीकांनी आखलेल्या रस्त्यावरच आजही नांदते आहे. दोन्ही बाजूंना उंच इमारती, वर वाळत घातलेली धुणी आणि खालून अंगावर येणाऱ्या स्कूटर, यामुळे मला परके असे वाटलेच नाही. न्याहारीला ‘स्फोल्यातेल्ला’ घेतला. त्याचे पापुद्रे आपल्या चिरोट्यासारखे सुटतात, मात्र आत रव्याचे आणि रिकोटा चीजचे गरम सारण असते. पहिल्याच घासाला सदऱ्यावर एवढा चुरा सांडला की दुकानदाराने न मागता कागद पुढे केला.

मग सान्सेव्हेरो चॅपेलमध्ये जुझेप्पे सानमार्तिनोने 1753 मध्ये घडवलेला, झिरझिरीत वस्त्राखाली निजलेला मृत ख्रिस्त पाहिला. मूर्ती आणि वस्त्र दोन्ही एकाच संगमरवरी शिळेतले आहेत. कपाळावरची फुगलेली शीर त्या दगडी वस्त्राखालून दिसते. हे वस्त्र खरे असून चॅपेलच्या मालकाने, त्या किमयागार राजपुत्राने, ते रसायनाने दगड केले अशी दंतकथा आहे, आणि समोर उभे राहिल्यावर ती रचणाऱ्यांना दोष द्यावासा वाटत नाही. छायाचित्रे काढायला बंदी आहे. त्यामुळे लोक निदान डोळ्यांनी तरी पाहतात.

आता नाट्यगृहाकडे वळतो. सान कार्लो 1737 मध्ये उघडले, म्हणजे मिलानच्या ला स्कालापेक्षा एक्केचाळीस वर्षे आधी. 1816 मध्ये ते आगीत जळाले आणि राजाने वर्ष उलटायच्या आत ते पुन्हा उभे केले. माझे तिकीट वरच्या मजल्यावरच्या एका बॉक्समधले, मागच्या खुर्चीचे होते. स्वस्तात मिळाले तेव्हाच कारण विचारायला हवे होते! पुढच्या दोन डोक्यांमधून मला रंगमंचाचा फार तर तिसरा हिस्सा दिसत होता, आणि वर उमटणारी संवादांची अक्षरे तर अजिबात नाही.

पण माझ्या शेजारी भिंतीवर एक आरसा होता. असे आरसे इतर बॉक्समध्येही आहेत आणि ते अशा कोनात बसवले आहेत की त्यांत मधोमध असलेला, डोक्यावर मुकुट मिरवणारा राजाचा बॉक्स दिसावा. राजाने टाळी दिल्याखेरीज इतरांनी द्यायची नाही असा रिवाज होता म्हणे. तेव्हा गाणे कसे झाले हे लोकांनी आरशात बघून ठरवायचे. मला नायिका दिसत नव्हती, पण राजाचा रिकामा बॉक्स मात्र स्पष्ट दिसत होता. छतावरच्या भव्य चित्राच्या कर्त्यांत जुझेप्पे काम्मारानो आहे, आणि काल खाली गायले जाणारे शब्द त्याच्या मुलाचे, साल्वादोरेचे. याच नाट्यगृहात 1835 मध्ये ‘लुचिया’चा पहिला प्रयोग झाला, तेव्हाही वर बापाचे रंग होते आणि खाली लेकाचे शब्द.

भावाने खोट्या पत्राने फसवून लग्नाला उभी केलेली मुलगी हे कथानक तुला नवे वाटणार नाही. नवे वाटेल ते त्यातले षट्क : सहा जण एकाच वेळी आपापल्या मनातले गातात, आणि तरीही गलका होत नाही. आपल्या संगीत नाटकात एक जण पद आळवतो आणि बाकीचे उपरणे सावरत उभे राहतात. भरत नाट्य मंदिरात आपण त्यावर किती हसलो आहोत! येथे मात्र प्रत्येकाचे दुःख दुसऱ्याच्या दुःखावर रचले जाते.

शेवटच्या मध्यंतरानंतर पुढच्या खुर्चीवरच्या वृद्ध बाईंनी काही न बोलता माझी बाही धरली आणि मला आपल्या जागी बसवले. त्यामुळे वेडाचा प्रवेश मी संपूर्ण पाहिला. नवऱ्याचा खून करून रक्ताळलेल्या झग्यात लुचिया पाहुण्यांसमोर येते, आणि तिच्याशी बोलते ती फक्त एक बासरी. दोनित्सेत्तीने तेथे आधी काचेच्या हार्मोनिकाची (ओल्या बोटांनी काचेवर वाजवायच्या वाद्याची) योजना केली होती, पण पहिल्या प्रयोगापर्यंत तिची जागा बासरीने घेतली. लुचियाने तान घ्यावी, बासरीने तीच उलटून द्यावी. काही वेळाने कोण कोणाच्या मागे जात आहे हे कळेनासे होते. माझ्या मते सवाल-जवाबाचा हा प्रकार तुला पहिल्या फेकीतच आवडेल. गाणे संपताच सारे नाट्यगृह ‘ब्राव्हा’ म्हणून उठले (बाईला ‘ब्राव्हा’, पुरुषाला ‘ब्राव्हो’, हे त्या वृद्ध बाईंनी माझी चूक सुधारून शिकवले). गायिका मात्र टाळ्या थांबेपर्यंत जमिनीवर तशीच पडून होती. बोटसुद्धा हलले नाही.

बाहेर पडलो तेव्हा समोरच्या गॅलेरिया उंबेर्तोच्या काचेच्या घुमटाखाली दोन मुले फुटबॉल खेळत होती. तुझ्यासाठी प्रयोगाची पुस्तिका घेतली आहे. तीत षट्काचे शब्द आहेत. वहिनींना नमस्कार सांग, आणि पुढच्या खेपेस तू बरोबर असशील तर पुढच्या खुर्च्यांचे पैसे मी भरीन.

तुझा,
अरविंद