पेनड्राइव्ह पाठवलाय, पण अजून लावू नका

ती. आई-बाबांना,
साष्टांग नमस्कार, वि. वि.

बाबा, परवा फोनवर तुम्ही म्हणालात, ‘तू बोलतेस तेव्हा सगळं कळतं, फोन ठेवला की काही आठवत नाही. त्यापेक्षा लिहून पाठव.’ म्हणून आपल्या लॅपटॉपवर विंडोजच्या जागी लिनक्स, म्हणजे कॉम्प्युटर चालवणारी दुसरी, फुकट मिळणारी सिस्टीम, कशी आणायची ते लिहितेय. सोबत पाकिटात पेनड्राइव्ह आहे. तो सध्या टेबलाच्या खणात ठेवा. कधी लावायचा ते पुढे येईलच.

आधी जुनी चूक कबूल करते. चार वर्षांपूर्वी सुट्टीला आले होते तेव्हा तुम्ही दोघं झोपल्यावर मी कॉम्प्युटरवरचं विंडोज काढलं आणि लिनक्स टाकलं. रात्री दोन वाजता मला वाटत होतं, सकाळी बाबा खूश होतील. सकाळी तुम्ही कॉम्प्युटर लावलात, बराच वेळ पडद्याकडे बघत बसलात आणि विचारलंत, ‘डी ड्राइव्ह कुठंय?’ मी ऐटीत सांगितलं की लिनक्समध्ये सी नि डी नसतात, तुमचं सगळं ‘होम’ नावाच्या फोल्डरात असतं. तुम्ही ‘बरं’ म्हणालात. त्या ‘बरं’चा अर्थ मला आईने नंतर सांगितला.

खरा घोळ दुपारी झाला. आजोबांवरचा तुमचा लेख तुम्ही उघडलात, तर मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरं, कंस आणि टिंबांचा नुसता कालवा. तुमचा चेहरा पडलेला मला अजून दिसतो. लेख कुठेही गेला नव्हता. युनिकोड (प्रत्येक लिपीच्या अक्षराला स्वतःचा क्रमांक देणारी पद्धत) रुळण्याआधीच्या त्या मराठी फॉन्टांमध्ये फाइलीत साठवलेली असतात ती इंग्रजीचीच अक्षरं. फॉन्ट त्यांना फक्त मराठी चेहरा देतो. तो फॉन्ट तुमच्या विंडोजवर होता, नव्या लिनक्सवर नव्हता. फॉन्टची एक छोटीशी फाइल मी आधी कॉपी करून ठेवली असती तर काहीच झालं नसतं. पण ‘लेख शाबूत आहे’ हे मी पाच वेळा सांगितलं तरी तुम्ही कशावरून विश्वास ठेवणार? समोर दिसत होतं ते वेगळंच. आठ दिवसांनी मी मुकाट्याने विंडोज परत टाकलं आणि त्यानंतर आपण दोघांनी तो विषय काढला नाही.

आता काढावा लागतोय, कारण आपल्या विंडोज १० चे मोफत सुरक्षा अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपले. नोंदणी केली तर ऑक्टोबर २०२६पर्यंत जादा मुदत मिळते, पुढे काही नाही. त्याने कॉम्प्युटर बंद पडत नाही, म्हणून तुम्हाला फरक जाणवला नसेल. फक्त ती मुदत नसेल तर नवी सापडलेली फट बुजवायला आता कोणी येणार नाही. विंडोज ११ ला टीपीएम २.० नावाची मशीनमधली सुरक्षेची सोय आणि साधारण २०१७-१८ नंतरचा प्रोसेसर लागतो; आपलं मशीन २०१४ चं. तरीही ते जबरदस्तीने बसवायच्या युक्त्या आहेत, पण अशा मशीनला अपडेट मिळत राहतील याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही. म्हणजे आज जी अडचण आहे तीच पुन्हा, वर माझी कारागिरी. नको.

मशीन टाकून नवं घ्यावं, हाही एक रस्ता आहे आणि तो मला कमीपणाचा वाटत नाही. पण तुम्हीच म्हणालात, ‘अजून चांगलं चालतंय, कशाला?’ तेही खरंच आहे.

आता दुसरी कबुली. दोन महिन्यांपूर्वी मी तुम्हाला फोनवरून फायरफॉक्स (इंटरनेटला), लिबरऑफिस (लेख-हिशेबाला) आणि व्हीएलसी (व्हिडिओला) ही तीन प्रोग्रॅमची नावं सांगितली आणि तुम्ही ती विंडोजवर टाकून घेतलीत, आठवतं? तो कट होता. तिन्ही लिनक्सवर जशीच्या तशी असतात. गेल्या वेळी मी जमीन आणि घर एकाच रात्री बदललं. या वेळी आधी सामान बदलून घेतलं. तुम्ही दिवसभरात कॉम्प्युटरवर जे करता ते म्हणजे ईमेल, बातम्या, बँक, हिशेबाचा तक्ता, लेख आणि जुने व्हिडिओ. हे सगळं आता याच तिघांत होतं. ‘लिबरऑफिसची पहिल्या आठवड्यात चिडचिड झाली, आता हात बसला’ असं तुम्हीच सांगितलंत. मग ऑपरेटिंग सिस्टीम बदलण्यातला अवघड भाग तुमच्याकडून होऊन गेलाय, तुम्हाला न कळता. मराठी टायपिंगचंही तेच. त्या फॉन्टप्रकरणानंतर तुम्ही रागारागाने का होईना इनस्क्रिप्ट शिकलात. ती मांडणी तिकडेही तीच आहे: के वर क, डी दाबला की अक्षराचा पाय मोडतो. बोटांना नवीन काही शिकवायचं नाही.

तुमचा तो प्रश्न राहिलाच: ‘फुकट देतात तर यांचं पोट कशावर भरतं?’ १९९१ साली हेलसिंकीत लिनस टॉरव्हाल्ड्स नावाचा एकवीस वर्षांचा विद्यार्थी घरच्या मशीनसाठी हे लिहीत होता. हा आपला छंद आहे, फार मोठं काही होणार नाही, असं त्याने तेव्हा जाहीर लिहिलं होतं. पुढच्या वर्षी त्याने ते जीपीएल परवान्याखाली दिलं. कोणीही घ्यावं, बदलावं. पण बदललेलं दुसऱ्याला द्यायचं झालं तर त्याचा मूळ कोडही द्यावा, अशी ती अट. आज त्यातलं बरंचसं काम इंटेल, गूगल, रेड हॅट अशा कंपन्यांचे पगारी लोक करतात, कारण त्यांचे सर्व्हर त्यावर चालतात. पैसा विक्रीत नसून सेवेत आहे. रेड हॅट याच धंद्यावर इतकी मोठी झाली की आयबीएमने २०१९ मध्ये ती सुमारे ३४ अब्ज डॉलरला घेतली. तेव्हा कोणी उपाशी नाही. तुमच्या खिशातल्या अँड्रॉइड फोनच्या गाभ्यातही लिनक्सच आहे. तुम्ही ते गेली कित्येक वर्षं वापरताय, फक्त कोणी रात्री येऊन टाकलं नाही.

पेनड्राइव्हवर लिनक्स मिंट आहे. लिनक्स हा नुसता गाभा. त्याभोवती मेनू, खिडक्या, प्रोग्रॅम बसवून जे पूर्ण घर तयार होतं त्याला डिस्ट्रो म्हणतात, आणि अशा डिस्ट्रो ढिगाने आहेत. कुठली चांगली यावर लोक हमरीतुमरीवर येतात. तुम्ही त्यात पडू नका. मिंट निवडलं कारण खाली पट्टी, डाव्या कोपऱ्यात मेनू, उजवीकडे घड्याळ, हे सगळं तुमच्या सवयीच्या जागी आहे. मी स्वतः दुसरं वापरते; ते तुम्हाला देणार नाही.

रविवारी मी फोनवर असताना करायचं ते असं. विंडोज चालू असतानाच पेनड्राइव्ह लावा आणि ‘शट डाउन’ न करता ‘रीस्टार्ट’ करा. शट डाउन केल्यावर विंडोज पुष्कळदा पूर्ण बंद होत नाही, अर्धवट झोपतं, आणि मग लिनक्स तुमच्या डिस्कवर लिहायला नकार देतं. पडदा काळा झाला की एफ१२ टिचकत राहा. एक यादी येईल, त्यात यूएसबी निवडा. दोनेक मिनिटांत मिंटचा डेस्कटॉप दिसेल. हे सगळं पेनड्राइव्हवरून चालतं, तुमच्या डिस्कला हात लागत नाही. थोडं संथ वाटेल, ते पेनड्राइव्हमुळे. डेस्कटॉपवर ‘इन्स्टॉल लिनक्स मिंट’ असं एक चित्र असेल. फक्त त्याला हात लावायचा नाही. बाकी कुठेही टिचकी मारा.

आणि मग तपासायचं. वाय-फाय लागतं का, आवाज येतो का, प्रिंटर एक पान काढतो का, स्कॅनर आणि कॅमेरा दिसतात का. झाकण मिटून उघडल्यावर लॅपटॉप नीट जागा होतो का, हेही बघा; लिनक्सचं नाक तिथे पुष्कळदा कापलं जातं. वाय-फाय लागलं नाही तर घाबरू नका, फोन केबलने जोडून त्याचं इंटरनेट देता येतं, मी सांगेन. शेवटी आजोबांवरचा लेख उघडायचा. तुमचा तो जुना फॉन्ट मी पेनड्राइव्हवर वेगळ्या फोल्डरात ठेवलाय, तो आधी बसवू. मराठी नीट दिसलं तर पुढे. नाही दिसलं तर पेनड्राइव्ह काढायचा, मशीन पुन्हा सुरू करायचं, विंडोज जिथल्या तिथे असेल.

जमणार नाही ते आत्ताच सांगते, नंतर ‘हे बोलली नव्हतीस’ नको. मायक्रोसॉफ्टचं वर्ड-एक्सेल मशीनवर बसणार नाही, ब्राउझरमधलं चालतं. तुमच्या हिशेबाच्या फाइलीतली सूत्रं चालतील, पण ज्या एका फाइलीत बटण दाबलं की महिन्याचा गोषवारा निघतो ते बटण बहुधा बिघडेल. ते मॅक्रोवर, म्हणजे फाइलीतच लिहिलेल्या छोट्या प्रोग्रॅमवर, चालतं. मी ते पुन्हा लिहून देईन. दुसऱ्याला कागद पाठवताना पीडीएफ करून पाठवा, नाहीतर त्यांच्याकडे तक्ते सरकलेले दिसतील. आणि कोणी ओळखीचा दुरुस्तीला आला तर ‘हे काय घातलंय, विंडोज टाकून देऊ का’ असं पहिल्या पाच मिनिटांत म्हणेल. नको म्हणा.

व्हायरसबद्दल लोक सांगतात तेवढं निर्धास्त होऊ नका. प्रोग्रॅम मिंटच्या सॉफ्टवेअर मॅनेजरमधूनच घ्यायचे, वाटेल त्या साइटवरून नाहीत, म्हणून धोका पुष्कळ कमी. पण ‘तुमचा कॉम्प्युटर बिघडलाय, या नंबरवर फोन करा’ असं ओरडणारं पान इथेही उघडेल, आणि ओटीपी मागणारा माणूस कुठली सिस्टीम आहे ते विचारत नाही.

सगळं जमलं तर पुढच्या सुट्टीत मी नवी एसएसडी, म्हणजे जास्त वेगाची डिस्क, घेऊन येते. लिनक्स तिच्यावर टाकू. जुनी डिस्क विंडोजसकट, लेखांसकट, काढून कपाटात ठेवू. सहा महिन्यांत तुमचं मन बदललं तर दोन स्क्रू काढून ती परत बसवायची, मी कारण विचारणार नाही. मशीन एकदम चपळ झाल्यासारखं वाटेल, त्याचं श्रेय बरंचसं एसएसडीचं; लिनक्सवाल्यांना ते फुकटचं देऊ नका. टाइमशिफ्ट नावाचा एक प्रोग्रॅम लावून ठेवेन, काही बिघडलं तर सिस्टीम कालच्या अवस्थेत परत जाते. मात्र त्यात तुमचे लेख आणि फोटो धरलेले नसतात. त्यांची प्रत बाहेरच्या डिस्कवर दर महिन्याला काढायची, आणि ते काम तुमचं. कोपऱ्यात ढालीचं चित्र दिसेल, त्यावर ठिपका आला की अपडेट आलेत. तुम्हाला वेळ असेल तेव्हा करा. लेख अर्धा लिहून झालाय आणि मशीन आपणहून रीस्टार्ट झालंय, असं मिंट करत नाही.

आई, तू या सगळ्यात एकच प्रश्न विचारलास: ‘माझे पत्ते राहतील ना?’ राहतील. आयलरायट नावाचा खेळ आहे, त्यात ऐंशीहून जास्त डाव आहेत आणि तुझा स्पायडरही आहे. दोन डावांच्या मध्ये जाहिरात लागत नाही. पत्त्यांची पाठ वेगळी दिसेल, ते दोन दिवस खटकेल.

रविवारी अकराला फोन करते. बाबांना तोवर खण उघडू देऊ नकोस.

तुमची,
धाकटी