वहीतला तिसरा रकाना

तीर्थरूप आई-बाबांस,

साष्टांग नमस्कार, विनंती विशेष.

बाबा, पक्ष्यांच्या वहीची तुम्ही पाठवलेली छायाचित्रे पोहोचली आणि दोन रात्री मी तीच वाचत बसले. हल्ली सकाळी फोन हातात घेतला की युद्धे, निवडणुका आणि उष्णतेच्या लाटा यांतून डोके वर काढेपर्यंत कामावर निघायची वेळ झालेली असते; तुमच्या वहीतली बातमी मात्र ‘होले दोन, कुंपणावर. भांडण.’ एवढ्यावर संपते, त्यामुळे ती शेवटपर्यंत वाचून होते. पहिल्या वर्षी एकाच सकाळी चौदा बुलबुल कसे आले, याचा उलगडाही झाला. तीच जोडी सात वेळा आली असणार! एका वेळी एकत्र दिसलेला सर्वांत मोठा आकडा धरायचा, ही परसातल्या गणनेची रीत तुम्ही दुसऱ्या वर्षापासून पाळलेली दिसते.

शेवटच्या पानावर तुम्ही लिहिले आहे की परस मुका होत चालला आहे, शिंजीर यंदा बोललाच नाही आणि चष्मेवाल्यांचा थवा गुपचूप येऊन गुपचूप निघून जातो. खाली २०१९ सालच्या बातमीचे कात्रण चिकटवले आहे, उत्तर अमेरिकेत १९७०च्या मानाने जवळजवळ तीनशे कोटी पक्षी कमी झाल्याचे. ती बातमी खरी आहे आणि तुमची हळहळही खरी आहे. पण त्या दोहोंचा तुम्ही जो सांधा जुळवला आहे, त्याविषयी मला काही सांगायचे आहे. फोनवर ते जमले नसते, म्हणून हे पत्र.

तुम्ही पहिल्यापासून ‘दिसले’ आणि ‘ऐकले’ असे दोन रकाने वेगळे ठेवलेत, ही तुमची शिस्तच माझ्या कामी आली. मी सहाही वर्षांचे आकडे एका कागदावर मांडून पाहिले. शिंजीर, चष्मेवाला, फुलटोचा आणि शिंपी हे चौघे ‘दिसले’मध्ये जवळपास पूर्वीइतकेच आहेत, ‘ऐकले’मध्ये मात्र तिसऱ्या वर्षापासून उतरत उतरत यंदा शून्यावर आले आहेत. याउलट भारद्वाज, तांबट, कोकीळ आणि होला यांचे दोन्ही रकाने जसेच्या तसे आहेत. पहिल्या चौघांचे आवाज बारीक आणि उंच पट्टीतले, तर दुसऱ्या चौघांचे घुमणारे, खालच्या पट्टीतले. परसातले पक्षी पट्टी बघून गप्प बसतील, असे मला वाटत नाही.

बाबा, गप्प शिंजीर झालेला नाही. तुमच्या कानाला त्याचा आवाज पोहोचेनासा झाला आहे. तरुण कानाला साधारण २० ते २०,००० हर्ट्झपर्यंतचे आवाज ऐकू येतात. आतल्या कानात शंखासारखी वळणे घेतलेली जी नळी असते, तिच्या तोंडाशी उंच आवाज टिपणाऱ्या पेशी असतात. वयानुसार आधी त्याच झिजतात आणि माणसात त्या पुन्हा तयार होत नाहीत. हे दोन्ही कानांत इतके सावकाश घडते की ज्याचे ऐकणे कमी होते, त्याला जगच हळू बोलू लागले आहे असे वाटते. स, श, फ, थ यांसारख्या व्यंजनांचा मोठा भाग याच उंच पट्टीत असतो, म्हणून बोलणे कानावर पडते पण शब्द सुटे होत नाहीत. आई तोंडातल्या तोंडात पुटपुटते, ही तुमची दोन वर्षांपासूनची तक्रार आहे. आई पुटपुटत नाही. माझ्या आठवणीत ती कधीच पुटपुटली नाही.

तुम्हाला एकट्याला कोंडीत पकडायला नको, म्हणून मी फोनवर चढत्या पट्टीचे सूर लावून स्वतःची परीक्षा घेतली. बारा हजारांच्या पुढे मला शांतता होती आणि तुमची नात मात्र कानांवर हात ठेवून ‘बंद कर’ म्हणून ओरडत होती. वर्षानुवर्षे कानाने पक्षी मोजणाऱ्या अनुभवी निरीक्षकांचीही हीच अडचण असते. म्हणून गणनेच्या आकड्यांचा अर्थ लावताना निरीक्षकाचे वयही अभ्यासकांना विचारात घ्यावे लागते. तेव्हा यात कमीपणा कसला?

चिमण्यांबाबत मात्र तुमची शंका मला रास्त वाटते, कारण त्या दोन्ही रकान्यांत सारख्याच घटल्या आहेत. ते पान जपून ठेवा.

आता विनंती. कानाच्या डॉक्टरांकडे जाऊन एकदा श्रवणचाचणी करून घ्या. बंद खोलीत हेडफोन लावून बसायचे आणि सूर ऐकू आला की बटण दाबायचे, एवढेच असते. दुखत काहीच नाही. कधी कधी नुसता मळ साचलेला निघतो आणि प्रश्न तिथेच मिटतो. श्रवणयंत्र लागलेच, तर त्याची सवय व्हायला काही आठवडे जातात, तेवढ्यात कंटाळून ते कपाटात ठेवायचे नाही. फुलटोच्याची टिकटिक त्याने परत येईलच, असे आश्वासन मी देत नाही, पण आईचे बोलणे बरेच स्पष्ट होईल आणि तिला प्रत्येक वाक्य दोनदा म्हणावे लागणार नाही.

आई, तुझे शब्दकोडे सोडवण्याचे काम थोडे बाजूला ठेवून तुला एक जबाबदारी देते. सकाळी बाबा परसात वही घेऊन बसतात, तेव्हा पंधरा मिनिटे त्यांच्याशेजारी बस. वहीत तिसरा रकाना आखायचा, ‘आईला ऐकू आले’ असा. पक्ष्याचे नाव ठाऊक नसले तरी आवाज कुठल्या फांदीवरून आला ते बोटाने दाखव, नाव बाबा सांगतील. मी पुढच्या महिन्यात येईन, तेव्हा तिन्ही रकाने घेऊनच आपण चाचणीला जाऊ.

आणि आई, त्या रकान्यात तूच लिही. बाबांना लिहू देऊ नकोस, ते तुझे आकडे तपासत बसतील.

तुमची,
लेक