गाडी स्वस्त झाली, तिचे सुटे भाग नाही

संपादक महोदय,

आपल्या रविवारच्या छोट्या जाहिरातींच्या पानावर हल्ली 'मूळ किंमत 75 लाख, आता फक्त 17 लाख' अशा धर्तीच्या ओळी वारंवार दिसतात. गाडी जर्मन किंवा ब्रिटिश, सात-आठ वर्षांची, बहुधा पुण्या-मुंबईच्या किंवा दिल्लीच्या पासिंगची. मी 27 वर्षे मोटार विम्याचा सर्व्हेअर म्हणून कोल्हापूर-सांगली भागात काम केले. त्या ओळी वाचून ज्यांचा जीव सतरा लाखांत अडकतो, त्यांच्यासाठी हे पत्र लिहितो आहे.

माझा भाचा तासगावात बेदाण्याचा व्यापार करतो. 2023 च्या दिवाळीआधी त्याने अशीच 2016 ची एसयूव्ही घेतली. पदरचे 3 लाख आणि पतसंस्थेचे 14 लाख, महिना 32 हजारांचा हप्ता. "मामा, पंचाहत्तरची गाडी सतरात मिळाली," असे तो फोनवर म्हणाला तेव्हा त्याचा आनंद पाहून मी गप्प बसलो. तेव्हाच बोलायला हवे होते, हे मला आजही टोचते.

एवढ्या महागड्या गाडीचा भाव इतका का पडतो, हे आधी सांगतो. आज महाराष्ट्रात वैयक्तिक नावावर घेतलेल्या 20 लाखांवरच्या डिझेल गाडीला 15 टक्के एकरकमी वाहन कर आहे, म्हणजे 75 लाखांच्या गाडीवर सव्वाअकरा लाख. विकताना त्यातला रुपयाही कोणी वेगळा मोजून देत नाही. यातल्या कितीतरी गाड्या फर्मच्या नावावर घेतात, दरवर्षी 15 टक्के घसारा दाखवतात आणि कर्ज फिटले, कंपनीची वॉरंटी संपत आली की काढून टाकतात. त्यामुळे एकाच वयाच्या गाड्या एकदम बाजारात येतात. त्यात नवीची किंमत उतरली की जुनीची आपोआप उतरते. मे 2024 मध्ये रेंज रोव्हरची जुळणी पुण्यात सुरू झाली आणि नव्या गाडीची किंमत 18 ते 22 टक्क्यांनी खाली आली. 22 सप्टेंबर 2025 ला मोठ्या एसयूव्हीवरचा जीएसटी आणि सेस मिळून 50 टक्क्यांचा भार 40 वर आला. आदल्या महिन्यात ज्यांनी गाडी घेतली, त्यांची काहीही चूक नसताना गाडीचा भाव एका रात्रीत घसरला.

पण पहिला मालक हे सोसू शकतो. माझी काळजी दुसऱ्या आणि तिसऱ्या मालकाची आहे. गाडीची किंमत चौथ्या हिश्शावर येते, पण तिचा हेडलाइट, रडार सेन्सर, एअर सस्पेन्शनचा कॉम्प्रेसर आजही 75 लाखांच्या गाडीच्याच भावाने मिळतो. भाच्याची गाडी पाचव्या महिन्यात पुढून खाली बसली. सस्पेन्शनचे बिल 2 लाख 60 हजार. त्या वर्षी बेदाण्याला भाव बरा होता म्हणून भागले.

विम्याचा भाग लोकांना बिलकूल माहीत नसतो. गाडीचा विमा उतरतो तो आयडीव्हीवर, म्हणजे घसारा वजा करून विम्यासाठी धरलेल्या गाडीच्या किमतीवर. पहिल्या 5 वर्षांचा घसारा कोष्टकात ठरलेला आहे : सहा महिन्यांपर्यंत 5 टक्के, वर्षापर्यंत 15, मग 20, 30, 40 आणि पाचव्या वर्षी 50. त्यापुढे कंपनी आणि मालक मिळून रक्कम ठरवतात. इथेच एजंट सुचवतो, "आयडीव्ही कमी धरू, प्रीमियम वाचेल." भाच्याने 2024 मध्ये नूतनीकरण करताना 17 ऐवजी 11 लाख धरली. प्रीमियमचे काही हजार वाचले.

डिसेंबरात विट्याहून रात्री येताना रिफ्लेक्टर नसलेल्या उसाच्या ट्रॉलीवर गाडी आदळली. भाच्याला खरचटलेही नाही, हे देवाचे उपकार. गाडीचा पुढचा भाग गेला : दोन्ही हेडलाइट, बंपर, रेडिएटर, एअरबॅग. अंदाजपत्रक 9 लाख 10 हजारांचे. दुरुस्तीचा खर्च आयडीव्हीच्या 75 टक्क्यांवर गेला की गाडी टोटल लॉस धरतात, म्हणजे दुरुस्त न करता आयडीव्हीची रक्कम देऊन दावा मिटवतात. अकरा लाखांचे 75 टक्के म्हणजे सव्वाआठ. गाडी गेली. तीच आयडीव्ही साडेबारा लाखांच्या वर असती तर गाडी दुरुस्त झाली असती, अर्थात तेव्हाही प्लॅस्टिकच्या भागांना 50 टक्के कापूनच पैसे मिळाले असते, कारण इतक्या जुन्या गाडीला झिरो डेप, म्हणजे सुट्या भागांचा घसारा न कापणारे जादा संरक्षण, सहसा मिळत नाही. विम्याचे 11 लाख थेट पतसंस्थेला गेले. कर्जाची बाकी होती साडेअकरा लाख. 14 महिन्यांत पदरचे 3 लाख, हप्त्यांचे साडेचार लाख, सस्पेन्शनचे 2 लाख 60 हजार गेले आणि वर 50 हजारांचे देणे राहिले. त्याच्या आईने, म्हणजे माझ्या बहिणीने, ते पाटल्या मोडून फेडले.

माझी मागणी साधी आहे. पतसंस्थांनी अशा गाडीला कर्ज देताना अधिकृत वर्कशॉपचा तपासणी अहवाल आणि पूर्ण सर्व्हिस हिस्ट्री मागावी. आयडीव्ही कर्जाच्या बाकीपेक्षा खाली धरू देऊ नये. 1 एप्रिल 2023 पासून जुन्या गाड्यांच्या डीलरला आरटीओकडून अधिकृतता प्रमाणपत्र घ्यावे लागते. घेणाऱ्याने टोकन देण्याआधी ते पाहावे, पाहू दिले नाही तर उठून यावे. विकणाऱ्याने मीटरचा आकडा सही करून लिहून द्यावा, याची सक्ती परिवहन खात्याने करावी.

आणि एक विनंती आपल्याला. जाहिरातीत मूळ किंमत ठळक छापता, तशाच ठळक अक्षरांत गाडीचे वर्ष, रनिंग, कितवा मालक आणि चालू विम्याची आयडीव्ही छापल्याशिवाय जाहिरात घेऊ नये. चार शब्दांची जागा लागेल, तिचे पैसे विकणारा देईल.

आपला,
एक निवृत्त मोटार विमा सर्व्हेअर, कोल्हापूर