प्रवासाच्या गणनेत शेतमजूरही हवेत

मा. संपादक,

समृद्धी महामार्गाचा शेवटचा टप्पा 5 जून 2025 रोजी खुला झाला आणि नागपूर-मुंबई हे 701 किलोमीटरचे अंतर एका सलग रस्त्याने जोडले गेले. तेव्हापासून विदर्भाच्या वाहतूक नियोजनाची चर्चा बहुतेक महामार्ग आणि त्यांचे जोडरस्ते यांभोवतीच फिरते आहे. यवतमाळ जिल्ह्यातल्या घाटंजी, केळापूर, झरी-जामणी या तालुक्यांतला माणूस रोज कोठून कोठे जातो, हा प्रश्न त्यात क्वचितच येतो. याला अनास्थेइतकीच आकडे गोळा करण्याची पद्धतही कारणीभूत आहे, असे मला वाटते.

रस्त्याच्या कामाआधी वाहनगणना होते. शहराबाहेरील रस्त्यांवर ती वर्षातून किमान दोनदा, सलग सात दिवस आणि चोवीस तास व्हावी, त्यांपैकी एक सुगीच्या दिवसांत असावी, असा भारतीय रस्ते काँग्रेस या रस्त्यांचे निकष ठरवणाऱ्या संस्थेचा संकेत आहे. (सात दिवस असल्याने आठवडी बाजारही त्यात येतो, ही चांगली गोष्ट.) मग या वाहनांचे रूपांतर कारच्या एककांत केले जाते. मोटारसायकल अर्धे एकक, बस किंवा ट्रक तीन आणि बैलगाडी आठ एकके धरली जाते, कारण मोजायचे असते ते कोणते वाहन रस्ता किती अडवते हे. रस्त्याची रुंदी ठरवायला हा हिशेब योग्यच आहे. परंतु माणसांनी खच्चून भरलेली एसटी आणि सिमेंटचा ट्रक त्यात सारखेच ठरतात, आणि गाडी न आल्यामुळे फाट्यावरून घरी परतलेली बाई तर कोणत्याच रकान्यात येत नाही.

याउलट प्रवासाच्या मागणीचे प्रारूप, म्हणजे लोकांना कोठे आणि किती प्रवास करायचा आहे याचा अंदाज बांधण्याची रीत, माणसांपासून सुरू होते. कोणत्या गावातून किती फेऱ्या निघतात, त्या कोठे जातात, कोणत्या साधनाने आणि कोणत्या रस्त्याने, अशा त्याच्या चार पायऱ्या आहेत. शहरांचे आराखडे करताना त्यासाठी घरोघरी विचारपूस होते. खेड्यांसाठी हाताशी असते ती मुख्यतः जनगणना; पण 2011 च्या जनगणनेत घरापासून कामाचे अंतर आणि प्रवासाचे साधन यांचे जे तक्ते निघाले, ते केवळ ‘इतर कामगार’ या वर्गाचे आहेत. शेतकरी आणि शेतमजूर त्यांत नाहीत. म्हणजे आमच्या भागात कामावर जाणारे बहुसंख्य लोकच वगळले गेले.

कापूस वेचणीच्या दिवसांत सकाळी गावच्या चौकात उभे राहिले, की ही उणीव लगेच दिसते. डबे आणि वेचणीची फडकी घेतलेल्या बाया एकाच ऑटोत दाटीवाटीने बसतात आणि शेजारच्या गावच्या शिवारात जातात. मजुरी किलोवर असते, गाडीभाडे बहुधा शेतकरीच देतो, आणि आज ज्या शेतात वेचणी आहे तेथे उद्या असेलच असे नाही. त्यांना ‘कामाचे ठिकाण किती लांब’ असे विचारून उपयोग नाही. ‘काल कोठे गेला होता आणि कशाने’ असेच विचारावे लागेल, आणि तेही एकदा वेचणीत व एकदा उन्हाळ्यात, कारण दोन्ही हंगामांतली उत्तरे अगदी निराळी येतील.

यातला काही भाग एसटीकडे आधीच जमा आहे. वाहकाच्या यंत्रातून निघणाऱ्या प्रत्येक तिकिटावर चढण्याचे आणि उतरण्याचे ठिकाण असते. महिलांना 17 मार्च 2023 पासून अर्ध्या तिकिटाची सवलत मिळाली. त्या तारखेच्या आधीचे आणि नंतरचे आगारवार आकडे शेजारी ठेवले, तर भाड्यामुळे बायकांचे किती प्रवास अडून राहिले होते याचा बराचसा अंदाज येईल. अर्थात पासधारक विद्यार्थ्यांचे तिकीट दर फेरीला फाडले जात नाही, आणि जेथे गाडीच जात नाही त्या गावाची नोंद यंत्रात उमटणार कोठून? त्यामुळे घरोघरच्या पाहणीला पर्याय नाही.

जिल्हा नियोजन समितीने दोन-तीन तालुक्यांत अशी नमुना पाहणी करावी आणि एसटी महामंडळाने तिकिटांचे टप्पानिहाय आकडे खुले करावेत. तिकिटावर कोणाचे नाव नसते, तेव्हा खासगीपणाची अडचण येऊ नये. नव्या जनगणनेची संदर्भ तारीख 1 मार्च 2027 आहे. तिच्यातून कामावरच्या प्रवासाचे तक्ते निघणार असतील, तर त्यांत शेतमजुरांसाठीही रकाना असावा, अशी मागणी विदर्भातील लोकप्रतिनिधींनी आताच करायला हवी.

— एक वाचक, ता. घाटंजी, जि. यवतमाळ